चित्राखाली नाव कुठे आहे?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी आदिवासींच्या चित्रांवरचा लेख मी मोठ्या अपेक्षेने उघडला. ‘ठिपक्यांची मोहक नक्षी’ एवढ्यावर विषय संपला. अर्धे पान भरून चित्र, ते दिवाणखान्यात कुठे शोभेल याचा सल्ला, आणि चित्राखाली चित्रकाराचे नावच नाही!

त्या लोकांचा ‘जुकुर्पा’ म्हणजे झोपेतले स्वप्न नव्हे. पूर्वजांनी भूमी कशी घडवली, कोणाचे कोणाशी नाते, कसे वागायचे, हे सगळे त्यात येते. प्रत्येक कथा ठरावीक जागेची असते आणि ती कोणीही उठून रंगवायची नसते. ज्यांना ती वडिलांकडून वारशाने मिळाली ते तिचे ‘किर्दा’. आईकडून नाते असलेले ‘कुर्दुंगुर्लु’ ती नीट मांडली जाते ना, हे पाहतात. चित्रावरून नाव काढणे म्हणजे सातबाऱ्यावरून मालकाचे नाव खोडणे आहे.

हे मला इतके का लागले, तेही सांगते. मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले होते, तेव्हा अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये एक छोटे चित्र घेतले. युएंडुमू या वार्लपिरी वस्तीतल्या एका बाईंनी काढलेले, आगीच्या जुकुर्पाचे. सोबतच्या कागदावर त्यांचे नाव होते आणि कथा होती : म्हातारा लुंगकार्डा आंधळ्याचे सोंग घेतो, मुलगे त्याच्यासाठी शिकार करतात, पवित्र कांगारू मारतात, आणि बाप त्यांच्या मागे आग सोडतो. इथे चौकटीला दिले, तर कारागिराने ‘मळका होता’ म्हणून तो कागदच फेकला. दुकानाची कचरापेटी मी हातांनी उपसली, मिळाला नाही. घरी येणाऱ्यांना कथा सांगते. बाईंचे पूर्ण नाव मात्र आठवत नाही, याचे फार वाईट वाटते.

१९८४ साली त्याच युएंडुमूच्या शाळेचे ३० दरवाजे पाच वडीलधाऱ्यांनी रंगवले, मुलांनी आपला जुकुर्पा विसरू नये म्हणून. लेखात त्याला एक ओळ मिळाली नाही.

आणि बालपानाच्या कडेला तुम्ही दर आठवड्याला वारली आकृत्या छापता, त्या कोण काढते? डहाणू-जव्हारकडे वारली सवाष्णी लग्नघराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, तो काही पानाची रिकामी कड भरायला नाही.

येत्या रविवारी दोन्ही ठिकाणची नावे छापावीत, ही विनंती.

– एक जुनी वर्गणीदार, पुणे