तिथी न पाहता तिसऱ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्यावरच्या हर्णैच्या ‘एकदिवसीय’ सहलीचा कालचा लेख मराठवाडा आवृत्तीत कुणी लावला? लातूरहून निघालेल्याचा एक दिवस नुसता जाण्यातच जातो. असो. हौसेला अंतर नसतं.

पण पौर्णिमेला दुपारी बाराला वाळूत उतरून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) वेचा, हे छापण्याआधी किनाऱ्यावरच्या कुणाला तरी विचारायचं. त्या वेळी तिथं ऐन भरती असते. वेचायचं काय, लाटा? कोकणातला हिशोब साधा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. द्वितीयेला भरती रात्री दीडला, म्हणून ओहोटी सकाळी पावणेआठला. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला उधाणाचा जोर असतो, पाणी लांब हटतं आणि उजेडही मिळतो. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी असते खरी, पण भांगाचं, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीचं, पाणी फारसं मागं जात नाही. ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी उतरावं, पाणी फिरलं की निघावं. तिसऱ्या असतात त्याही खाडीच्या तोंडाशी, वाळू-चिखलाच्या पट्ट्यात. लाटांच्या उघड्या पुळणीवर शोधत बसू नये.

पुढं लेखकमहाशय म्हणतात, तिसऱ्या गोड्या पाण्यात घालून घरी न्या. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या मंडळींनी नेमकं हेच केलं, वर प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारली. टेंभुर्णी यायच्या आत गाडीत बसवेना. तिसरी जिवंत असते, तिला हवा लागते, गोड्या पाण्यात ती मरते. आणायच्याच तर ओल्या गोणपाटात, खाली बर्फ, आणि वितळलेलं पाणी गळून जाईल अशा बेतानं. पोटातली वाळू काढायला लिटरभर पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम मीठ घालून दोन-तीन तास ठेवाव्यात. जिचं तोंड उघडं आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही, ती टाकून द्यावी. झाकण ठेवून पाचेक मिनिटं वाफ पुरते. तरीही न उघडलेली खाऊ नये. लेखातली वीस मिनिटं शिजवली तर रबर चावावं लागेल. खरं तर तिसऱ्या तिथंच खाव्यात आणि येताना सोडे (सुकवलेली कोलंबी) आणावेत, ते आपल्या उन्हातही टिकतात.

जूनमध्ये ताजी मासळी खायला जा, हा सल्ला तर कळसच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हे वृत्तपत्राला माहीत नसावं?

आणि वाचकानं तिथी तरी कुठं पाहायची? पहिल्या पानावरचं पंचांग गेल्या महिन्यापासून शिकवणी वर्गांच्या जाहिरातीनं गिळलंय. ते परत छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर