उसाला 14 दिवस, हापूसला किती वर्षं?

मा. पणनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

काल आमच्या खटल्याला तेरावी तारीख पडली. आरोपी गैरहजर, त्याच्या वकिलाचा अर्ज, पुढची तारीख 22 एप्रिल. म्हणून हे पत्र.

साहेब, तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुंबईच्या एका व्यापाऱ्याने बागेत येऊन 240 पेट्या हापूस उचलला. भाव पेटीला 1,800. एक लाख रोख दिले, उरलेल्या 3,32,000 चा चेक. आभाळ भरून आलेलं, म्हणून रात्री दोन वाजता मी आणि बायकोने बॅटरीच्या उजेडात पेट्या टेम्पोत चढवल्या. चेक वटला नाही. बँकेचा मेमो अजून त्याला टाचलेला आहे, टाचणीचा गंज आता सहीवर उतरलाय.

बाजार समिती म्हणाली, माल आवाराबाहेर विकलात, आमचा संबंध नाही. पोलीस म्हणाले, ही दिवाणी बाब. 2016 साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करून तुमच्या सरकारने शेतकऱ्याला मोकळं केलं. बुडवणाराही त्याच दिवशी मोकळा झाला!

चेक न वटल्याबद्दलच्या कायद्याच्या कलम 138 खाली केस घातली. 30 दिवसांत नोटीस, 15 दिवस वाट, मग महिन्याच्या आत फिर्याद. एकही मुदत मी चुकवली नाही. खटला सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा, असं त्याच कायद्यात लिहिलंय. मुदती फक्त मलाच का? निकालाआधी अंतरिम भरपाई म्हणून चेकच्या रकमेचे 20 टक्के मागितले, त्या अर्जावरही तारीखच. फवारणीच्या उधारीसाठी गहाण टाकलेल्या आईच्या पाटल्या तेवढ्यात लिलावात गेल्या. तिला अजून सांगितलेलं नाही.

घाटावरच्या उसाला 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे: 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज, वसुली जमीन महसुलासारखी. तिथेही थकतात, ठाऊक आहे. पण गोदामातली साखर कलेक्टरला जप्त करता येते. माझा आंबा आठ-दहा दिवसांत पिकून लोकांच्या पोटात गेला, जप्त काय करणार? नाशवंत मालाला कायदा जास्त कडक हवा, तर आम्हाला कायदाच नाही. हंगामातल्या पहिल्या पेटीची पूजा होते, फोटो छापतात. शेवटच्या पेटीचे पैसे मिळाले का, हे विचारायला कोकणात कुठलंच सरकार आलेलं नाही, आणि मतं मागायला एकही चुकलेलं नाही.

बागेतून थेट माल उचलणाऱ्याला परवाना आणि बँक हमी सक्तीची करा. थकबाकी महसुलासारखी वसूल करा. एवढंच मागणं आहे.

22 एप्रिलला आमच्याकडे ऐन काढणी असते. त्या दिवशी मी कोर्टात असेन.

आपला,
एक आंबा बागायतदार, रत्नागिरी जिल्हा