खोरी आणा, जुने कपडे नकोत

मा. संपादक,
स. न.

आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 वर धोका, हे सांगलीकराला तोंडपाठ असते. ऑगस्ट 2019 मध्ये तिने 57 फूट ओलांडले आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा घरे बुडाली. दोन्ही वेळी लांबलांबून माणसे मदतीला धावून आली. त्यांची माया खरीच, पण पाणी उतरल्यावर पहिल्या चार दिवसांत काय लागते ते ठाऊक नसले तर निम्मे हात रिकामे उभे राहतात.

खरे काम गाळाचे. काळ्या मातीचा गाळ ओला आहे तोवर खोऱ्याने ओढता येतो. दोन दिवस ऊन लागले की तो फरशीला असा धरतो की खरवडून काढावा लागतो. म्हणून घरात घोटाभर पाणी उरले असतानाच त्या पाण्यात खराट्याने ढवळून गाळ बाहेर लोटायचा, मागच्या खोलीपासून दाराकडे येत. दहा जणांना पाच खोरी, दहा घमेली आणि दोन रबरी वायपर पुरतात. हे सगळे सोबत आणा, कारण इथली अवजारे पुरातच गेलेली असतात. गाळ गटारात मात्र ढकलू नका. गटार तुंबले की पुढच्या सरीला तोच परत उंबऱ्याच्या आत येतो. ट्रॉली लागेल अशा बेताने रस्त्याकडेला ढीग करा.

आत पाऊल टाकण्याआधी मेन स्विच बंद. मातीच्या भिंती पुरात तग धरतात आणि पाणी उतरल्यावर ढासळतात. माती भिजून जड झालेली असते आणि पाण्याचा टेकू निघून जातो. पोट सुटलेली भिंत दिसली तर त्या खोलीत शिरू नये. तळघर पंप लावून एका दमात उपसू नये, बाहेरची भिजलेली जमीन भिंत आत ढकलते. रोज थोडे थोडे पाणी कमी करावे.

पायात गमबूट हवाच. गाळात काचा, खिळे असतात आणि जखमेतून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण होते. धनुर्वाताचे इंजेक्शन निघण्याआधीच घ्यावे.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीची तर नुसती उधळण चालते! गाळावर फेकलेली पावडर फुकट जाते, क्लोरीन गाळातच संपतो. आधी धुणे, मग फवारणी. विहीर आधी उपसायची. नव्या पाण्याला नेहमीचे प्रमाण हजार लिटरला 5 ग्रॅम. दहा फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी म्हणजे सुमारे 22 हजार लिटर, म्हणजे 110 ग्रॅम. अर्धे पोते नव्हे. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडून हलवावी. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घ्यावी, पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते तिने कळते. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा मात्रा द्यावी.

जुन्या कपड्यांची गाठोडी चौकाचौकांत भिजून कुजतात आणि तीही शेवटी इथल्यांनाच उचलावी लागतात. नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, चादरी आणि बॅटऱ्या द्या.

पहिल्या रविवारी कर्नाळ रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या आठवड्यात भिलवडीकडच्या गावांत कोणी फिरकत नाही. कुजलेल्या धान्याची पोती, शाळांचे वर्ग, गोठे हे सगळे तेव्हाच उपसायचे असते. जमल्यास तोच आठवडा धरा आणि निघण्याआधी ग्रामपंचायतीला फोन करा.

— एक वाचक, सांगलीवाडी