फेल गेलेले बोअर कोण मोजतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की मराठवाड्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते: पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची जागा दाखवणाऱ्याच्या, तळहातावर नारळ उभा राहिला आणि तिथंच दोन इंची पाणी लागलं. त्याच शिवारात ज्या बोअरमधून नुसता फुफाटा निघाला, त्यांची बातमी होत नाही.

आपला खडक बेसाल्टचा, थरावर थर. पाणी सापडतं ते वरच्या मुरमात, बारीक पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात, चिरांत नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. पावसाळ्यानंतर नाल्याकाठच्या सखल रानात पाणी लागण्याची शक्यता मुळातच बरी असते. मुरलेला पाणाड्या उतार, ओढ्याची वाट, उंबराचं झाड बघतोच. श्रेय मात्र नारळाला जातं. काटकी फिरवणारे सगळेच लबाड असतात असंही नाही. ताणून धरलेलं बेचकं फिरायला मनगट नकळत जरासं हललं तरी पुरतं.

पडताळा फुकटात होतो. दाखवलेल्या जागी चुन्याची फक्की टाकू नये. बांधावरच्या दोन खुणांपासून टेपनं अंतर मोजून ठेवावं (मोबाइलचं जीपीएस काही मीटर चुकतं). मग डोळ्यांवर पट्टी बांधून, दुसऱ्या बांधानं आत आणून त्याच पाणाड्याला पुन्हा शोधायला लावावं. दुसरा पाणाड्या वेगळ्या दिवशी बोलवावा, पहिल्याशी त्याची गाठ पडू देऊ नये. जर्मनीत कासेल इथं 1990 मध्ये पाणाड्यांची चाचणी झाली. 50 सेंटिमीटर खोल पुरलेल्या नळीत पाणी वाहतंय की बंद आहे, एवढंच सांगायचं होतं. निकाल छापा-काट्याच्या पुढं गेला नाही.

गावानं चालू आणि फेल, सगळ्या बोअरची वही ठेवावी: खोली, केसिंग, पाणी किती फुटांवर लागलं, जागा कुणी दाखवली, मे महिन्यात पाणी टिकलं का. विजेचा खांब जवळ म्हणून पाणाड्याशिवाय घेतलेल्या बोअरचा रकाना नसेल, तर तुलना कशाशी करणार? बोअर घेतानाचं 'दोन इंची' धरू नये. कॉम्प्रेसरच्या जोरावर साठलेलं पाणी उसळतं. खरं पाणी मोटर काही तास सलग चालवल्यावर कळतं.

पुढाऱ्यांचे आकडेही असेच तपासावेत. नाला खोलीकरणानं विहिरींची पातळी वाढली म्हणतात. त्या वर्षी पाऊस किती होता? मोजणी दोन्ही वर्षी त्याच महिन्यातली आहे का? काम न झालेल्या शेजारच्या गावात पातळी किती चढली?

जायकवाडीबाबत तर आधी आपल्याच बाजूचं बघू. भाषणात धरण 102 टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) असतं, पण रोजची टक्केवारी निघते ती सुमारे 76 टीएमसीच्या जिवंत साठ्यावर. उरलेला 26 टीएमसी मृतसाठा. धरण 'शून्य टक्के' झालं तरी तो असतो आणि पिण्यासाठी त्यातूनच उपसा होतो. वरच्या धरणांतल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची मागणी रास्त आहे. पण दोन आकड्यांची सरमिसळ केली की नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणवाल्यांना ती खोडून काढायला आयतं निमित्त मिळतं.

आपला,
एक वाचक, जि. बीड