माळाची पट्टी आणि तूर

औसा, जि. लातूर
१२ नोव्हेंबर

प्रिय बालाजी,

तुझा फोन झाल्यापासून तेच डोक्यात आहे. बटईदार म्हणतोय तुझ्या माळाच्या पट्टीत सगळं सोयाबीनच टाकू, आणि तू पुण्यात बसून हो म्हणणार. त्याआधी माझं ऐक.

यंदा मी माळाच्या दोन एकरांत ज्वारी-तूर घेतली. चार काकऱ्या, म्हणजे ओळी, ज्वारीच्या, दोन तुरीच्या. परभणीचं कृषी विद्यापीठ हेच 4:2 किंवा 3:3 सांगतं. मागच्या साली मी एकाआड एक पेरली होती. ज्वारीनं तूर पार झाकून टाकली. तसं करू नको.

ऑगस्टात 22 दिवस पावसानं ओढ दिली. शेजारचं सोयाबीन ऐन फुलात, सगळी फुलं गळाली. माझ्या ज्वारीची पानंही दुपारी सुरळी व्हायची. तूर मात्र हिरवीगार, कारण तिचं सोटमूळ खोल ओलीपर्यंत जातं. ज्वारीची मुळं वरच्या थरात जास्त पसरतात. शिवाय तूर पहिले दोन महिने हळूहळूच वाढते. ऑक्टोबरात कणसं खुडून कडबा काढला, आणि पंधरा दिवसांत तिनं फाटे फोडून मोकळी जागा भरून काढली. ज्वारी मात्र सप्टेंबरच्या पावसात काळी पडली, हे लपवत नाही. निम्मी जनावरांनाच घालावी लागेल. पण कडबा दावणीला आला, हे दुष्काळी मुलखात थोडं नाही.

पोळ्याच्या सुमारास तुरीचं एक झाड हलक्या हातानं उपटून पाहिलं. मुळावर बारीक गाठी. एक नखानं फोडली तर आत लालसर. म्हणजे जिवाणू हवेतलं नत्र बांधत होते. पेरणीआधी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम, म्हणजे हेच जिवाणू, चोळून सावलीत सुकवलं होतं. हे नत्र यंदाच्या ज्वारीला फारसं पोचत नाही बरं; तुरीचा पाला गळून कुजतो, तेव्हा पुढच्या पिकाला लाभतं.

तुझ्या पट्टीत तूर उभ्या उभ्या वाळायची म्हणून काकांनी ती सोडली, आठवतं? तो मर रोग. ज्वारी सोबतीला असली की मर कमी पडते, आणि बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन 711 हे तुरीचं वाण मरीला बऱ्यापैकी टिकतं. हलक्या-मध्यम रानाला तेच बरं, लवकर निघतं. उशिराच्या वाणाला तुझ्या माळावर शेवटी ओलच उरायची नाही.

सोयाबीन सोडवतच नसेल, तर त्यातसुद्धा चार काकऱ्यांमागे दोन तुरीच्या घाल. नुसतं एकच पीक नको, बालाजी. पावसाच्या एका खंडात वर्ष जातं, हे आपण दोघांनी घरात पाहिलंय.

वेळ अमावस्येला शेतातल्या पूजेला ये, वहिनींना आणि पोरांना घेऊन. आंबील आणि शेंगा-भाज्यांची भज्जी आईच्याच हातची. शेतातली तूर तोवर वाळलेली असेल, पण बांधावरच्या गावरान झाडांना हिरव्या शेंगा राहतील, भज्जीला तेवढ्या पुरतील. जेवण झालं की तुझ्या पट्टीवर जाऊ, बटईदारालाही बोलावून ठेवतो.

तुझा,
मारुती