चिखलीच्या जीपविषयी मित्रास पत्र

कोल्हापूर,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र संक्रांतीच्या आसपास मिळाले, आणि उत्तराला महिना लागला याबद्दल आधी क्षमा मागतो. जीप चालू झाल्याशिवाय तुला लिहायचे नाही असे मी मनाशी ठरवले होते. ती गेल्या रविवारी चालू झाली, म्हणून आज लिहायला बसलो आहे. एवढा पैसा आणि वेळ घालवण्यापेक्षा जुनी पण धडधाकट जीप का घेतली नाहीस, आणि घ्यायचीच नव्हती तर निदान डिझेल इंजिन का बसवले नाहीस, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर एका ओळीत देता येण्यासारखे नाही, म्हणून सगळेच सविस्तर सांगतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या चिखलीत काय झाले ते तू वर्तमानपत्रांतून वाचले होतेस. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली होती. गावातल्या घराशेजारच्या शेडमध्ये जीप उभी होती आणि पाणी तिच्या स्टिअरिंगपर्यंत चढून कित्येक दिवस तसेच राहिले. पाणी उतरल्यावर आधी घर, मग जनावरे, मग शेत असा क्रम लागला. त्यात आबांच्या शस्त्रक्रियेची भर पडली, आणि जीपकडे पाहायला कुणाला उसंतच मिळाली नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा ट्रॅक्टरने ओढून तिला उंचावर नेले, एवढीच काय ती तिची काळजी आम्ही घेतली. गेल्या दिवाळीत मात्र आबा जेवताना सहज म्हणाले, "गाडीचं काय करायचं ते माझ्या डोळ्यांदेखत करा." ते ८३ वर्षांचे आहेत. त्या वाक्यानंतर मला दुसरा विचार करावासा वाटला नाही, आणि पाडव्यानंतरच्या आठवड्यात टेम्पोवर चढवून ती शहरातल्या घराच्या गॅरेजात आणली.

हे काम हिवाळ्यातच होणार होते. पावसाळ्यात आपल्याकडे उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर सकाळी बोट फिरवले की बोटाला गंज लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, आणि प्रायमर मारण्याआधी एखादा भाग दोन दिवस तसाच राहिला तरी चिंता नसते. सकाळी सहाला शेगडी पेटवून चहा ठेवायचा, रस्त्यावरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे जात असायच्या, आणि कचेरीची वेळ होईपर्यंत दोन-अडीच तास काम करायचे, असा क्रम साडेतीन महिने चालला.

जीप खोलून सुटी करत गेलो तसतसे एक गोष्ट ध्यानात येत गेली. मी समजत होतो की गंज हा आपला शत्रू आहे. प्रत्यक्षात शत्रू होता तो गाळ. जिथे जिथे पोकळी होती तिथे नदी जाऊन बसली होती: चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) चॅनेलला जिथे आतून दुसरा पत्रा जोडून पेटी केली आहे तिथे, ब्रेकच्या ड्रममध्ये, दिव्यांच्या वाट्यांत, चालकाच्या आसनाखालच्या पेट्रोलच्या टाकीत. चासीतला गाळ सुकून विटेसारखा घट्ट झाला होता. तो आपल्या रानातल्या काळ्या मातीसारखाच दिसत होता. पाणी टाकले की पुन्हा लोण्यासारखा मऊ व्हायचा आणि त्याला पुराचा तोच वास यायचा. माझी बायको दारात येऊन काही न बोलता परत गेली, कारण तो वास आमच्या घरात कुणीच विसरलेले नाही.

मागच्या धुरीच्या हाऊसिंगचे झाकण उघडले तेव्हाचे दृश्य तुला दाखवायला हवे होते. तेल आणि पाणी पाच वर्षांत वेगळे झाले होते. पाणी जड म्हणून खाली, तेल वर. त्यामुळे क्राऊनचे, म्हणजे चाकांना गती देणाऱ्या आतल्या मोठ्या दातेरी चक्राचे, जे दात तेलात बुडालेले होते ते काल बसवल्यासारखे चकचकीत, आणि अगदी तळाचे जे चार दात पाण्यात होते ते देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखे खड्ड्याखड्ड्यांचे झाले होते. एकाच चाकावर, चार बोटांच्या अंतरात, इतका फरक! क्राऊन आणि त्याला फिरवणारे छोटे चक्र पिनिअन जोडीनेच बदलावे लागतात, ते बदलले. पुढच्या धुरीच्या दोन्ही टोकांना जे बंद गोळे असतात, त्यांतल्या किंगपिनच्या (चाक ज्यावर वळते त्या खिळीच्या) बेअरिंगांचा तर भुगा हाती आला.

चासीच्या बाबतीत मी घाई केली नाही याचे मला समाधान आहे. चार घोड्यांवर (स्टँडांवर) ती समतल ठेवली, स्प्रिंगच्या पाट्यांच्या बोल्टांपासून गवंड्याचा ओळंबा सोडला, खाली फरशीवर खडूने फुल्या मारल्या आणि फुल्यांमधले कर्ण दोरीने मोजले. दोन कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक निघाला. पूर्वी कधीतरी मागची आडवी पट्टी तुटल्यावर कुणीतरी ती जागेवरच, गाडी उभी असताना, तिरकी वेल्डिंग करून टाकली होती. ती कापून नवी बसवली, आणि एका बाजूला सलग वेल्डिंग न करता थोडे इकडे, थोडे तिकडे असे टाके घेत गेलो, कारण तापलेले लोखंड थंड होताना आपल्याकडे ओढून घेते. आता फरक २ मिलिमीटर आहे.

आता इंजिनाकडे येतो, कारण तुझा प्रश्न त्याविषयी होता. आपल्या जीपचे बॉनेट इतर जुन्या जीपपेक्षा उंच का, असे आपण कॉलेजात असताना आबांना विचारले होते, आठवते? विलीज कंपनीने १९५३ मध्ये सीजे-३बी काढली तेव्हा तिच्यात हरिकेन इंजिन बसवले. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य भागात) असतात. हेडची उंची वाढली म्हणून बॉनेटही उचलावे लागले, आणि तेच रूप महिंद्राने आपल्या देशात पुढे कित्येक वर्षे बनवले. हे इंजिन काढून डिझेल बसवले असते तर पेट्रोलचा खर्च वाचला असता, हे मला मान्य आहे. पुष्कळांनी तसे केले आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण ज्या आवाजावरून आम्ही भावंडे आबा वेशीपाशी आले हे ओळखत होतो, तो आवाज या इंजिनाचा होता. तो घालवून उरलेली गाडी दुरुस्त करण्यात मला अर्थ दिसत नव्हता.

इंजिन जाम होते. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि पातळ तेल सोडून अकरा दिवस वाट पाहिली, हँडल मारून पाहिले, तसूभर हलले नाही. हेड उतरवले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा खालचा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला दिसला. तिथूनच पाणी आत शिरले होते. ब्लॉक उद्यमनगरात नेला. शेतीपंपांची ऑइल इंजिने बनवण्यात ज्या गल्ल्यांनी पिढ्या घालवल्या, तिथे असा ब्लॉक पाहून कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. मिस्त्रींनी बोट आत फिरवले आणि म्हणाले, "चाळीस थाउ काढावे लागतील." थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बोअरिंग करून सिलिंडर आतून तेवढेच कापले आणि त्या मापाचे पिस्टन मिळाले.

यानंतर जे घडले ते सांगितल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. ब्लॉक धुऊन परत आला होता, तेल लावलेला, सुंदर दिसत होता. मी क्रँक बसवायला घेतला. आबा गॅरेजच्या दारात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारले, तेलाच्या वाटेचे बूच काढलेस का? मी म्हणालो, धुऊन आला आहे. ते म्हणाले, "कुणी धुतलं ते नको सांगू. काढून बघ." बूच घट्ट बसलेले, ते काढायला मला अर्धा दिवस लागला आणि मनातून मी वैतागलोही होतो. बूच निघाल्यावर लांब ब्रश आत घालून बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या केसांना काळा, बारीक, ओला लेप लागून आला, आणि त्यात बोअरिंगचा लोखंडी कीस चमकत होता. तो लेप मी अंगठा आणि तर्जनीत चोळला. कीस खरखरला आणि गाळ लोण्यासारखा पसरला. तसेच इंजिन जोडले असते तर पहिल्या दहा मिनिटांत तो सगळा ऐवज नव्या बेअरिंगांत गेला असता. मी ब्रश आबांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला, वास घेतला, आणि "चिखलीचा आहे" एवढेच म्हणाले. त्यानंतर त्या वाटेतून गरम पाणी, डिझेल आणि हवा मी एकूण सात वेळा सोडली, पांढरे फडके पांढरेच बाहेर येईपर्यंत.

बाकीची कामे थोडक्यात सांगतो. वायरिंग सगळे नवे केले. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर नवे घातले. ब्रेकमधली हवा काढायला धाकटी पेडलवर बसली होती. "मार, मार, धर" हे शब्द तिला आता झोपेतही ऐकू येत असतील. रंग पूर्वीचाच, आबांचा आवडता फिकट हिरवा.

रविवारी सकाळी आबांना डावीकडे बसवून चिखलीला नेऊन आणले. संगमाच्या अलीकडे उसाच्या फडाकडे उतरणारी गाडीवाट तुला माहीत आहे. तिथे मुद्दाम उतरलो, पुढची चाके जोडली, ट्रान्सफरचा गिअर लोमध्ये टाकला. त्या गिअरात चाके जवळजवळ अडीचपट सावकाश फिरतात आणि जोर त्याच प्रमाणात वाढतो, हे तुला दाजीपूरच्या लाल चिखलातल्या त्या संध्याकाळपासून ठाऊक आहे. ती अक्षरशः चालत चालत वर आली. आबा सबंध वेळ डॅशबोर्डची दांडी धरून समोर पाहत होते.

एक दोष राहिला आहे. उतारावर पाय उचलला की दुसरा गिअर आपोआप सुटतो. गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागेल, आणि ते काम मी गुढीपाडव्याआधी करणार आहे, कारण त्यानंतर पासिंगसाठी आरटीओकडे जायचे आहे. शंभर किलोमीटर झाल्यावर सगळी तेले पुन्हा काढून चाळणार आहे. अजून कुठे गाळ उरला असेल तर तो तिथे दिसेल. पाडव्याला तू सहकुटुंब ये. आबांनी दोनदा विचारले आहे.

तीर्थरूप काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र