अचानक आलेला बहिरेपणा आणि हातचे निसटणारे दोन आठवडे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: अचानक येणाऱ्या बहिरेपणाला ग्रामीण रुग्णालयांत तातडीचा आजार मानण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यात मी औषधाचे दुकान चालवतो. कानाची तक्रार घेऊन येणारा माणूस आमच्याकडे बहुधा एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे कानात टाकायचे ड्रॉप. बहुतेकांच्या कानात मळ असतो, सर्दीने दडा बसलेला असतो किंवा कान वाहत असतो. पण अधूनमधून असाही कोणी येतो, ज्याचा कान दुखत नाही, वाहत नाही, रात्री झोपताना चांगला होता आणि सकाळी उठल्यावर त्या बाजूने ऐकूच येईनासे झाले आहे. सोबत कानात शिट्टी वाजते, कधी भोवळ येते. हे पत्र त्या माणसासाठी आहे, कारण त्याच्या उपचाराला दिवसांची मर्यादा आहे आणि ती मर्यादा अजून आमच्या गावांपर्यंत पोहोचलेली नाही.

वैद्यकशास्त्रात या आजाराची व्याख्या स्पष्ट आहे. बहात्तर तासांच्या आत, लागून असलेल्या किमान तीन ध्वनी-वारंवारतांवर (आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक ऐकू येणे कमी झाले आणि दोष आतल्या कानात किंवा श्रवणाच्या नसेत असला, तर तो अचानक आलेला बहिरेपणा होय. अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ५ ते २७ जणांना तो होतो असे मानले जाते. बहुतेकदा एकच कान जातो आणि बहुतेकांत कारण सापडत नाही. सुमारे एकतृतीयांश ते दोनतृतीयांश रुग्णांचे ऐकणे काही प्रमाणात आपोआप परतते. हीच गोष्ट फसवी ठरते. ज्याचे परत आले तो त्याचे श्रेय ड्रॉपला किंवा लसूण घालून गरम केलेल्या तेलाला देतो आणि पुढच्या माणसाला तेच सांगतो.

रक्ताभिसरणाचा मुद्दा येथे सविस्तर मांडणे मला गरजेचे वाटते, कारण आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर त्याचीच छाया असते. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी अतिशय बारीक असते आणि तिला पर्यायी वाट नसते. ती तुंबली तर दुसरीकडून रक्त पोहोचत नाही. आतल्या कानातील केसांसारख्या संवेदी पेशींना प्राणवायूची गरज मोठी असते आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून रक्तपुरवठा खंडित होणे हे या आजाराचे एक संभाव्य कारण मानले जाते. विषाणूचा संसर्ग आणि शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला ही दुसरी. यावरून रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या आणि ‘रक्तप्रवाह वाढवणाऱ्या’ गोळ्या देण्याची पद्धत पडली. विचार म्हणून तो चुकीचा नव्हता, परंतु चाचण्यांत या गोळ्यांचा खात्रीचा फायदा दिसला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली काढलेल्या आणि २०१९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा गोळ्या आणि विषाणूविरोधी औषधे सरसकट देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच सूचनांत पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉईडचा, म्हणजे सूज कमी करणाऱ्या औषधाचा, पर्याय रुग्णापुढे ठेवण्यास सांगितले आहे, आणि ऐकणे पुरेसे परतले नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान कानाच्या पडद्यामागे स्टेरॉईडचे इंजेक्शन देण्याची शिफारस आहे.

गेल्या हंगामात कापूस वेचायला जाणारी एक बाई दुकानात आली होती. मोबाईल डाव्या कानाला लावला की पलीकडचे काहीच कळत नाही आणि उजव्याला लावला की सगळे नीट ऐकू येते, असे ती सांगत होती. मी तिला ड्रॉप न देता दवाखान्यात पाठवले. तेथे तिला सर्दीने कान बंद झाल्याचे सांगण्यात आले, नंतर दुसऱ्या ठिकाणी चक्कर थांबवण्याची आणि रक्ताभिसरणाची गोळी मिळाली, मग वेचणी सुरू असल्याने मजुरी बुडवून यवतमाळला जाणे लांबले. श्रवणतपासणी झाली तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. वेळेत स्टेरॉईड मिळाले असते तर तिचा कान नक्की वाचला असता, असा दावा मी करणार नाही. त्या औषधाचा पुरावाही निर्विवाद नाही. पण तिला ती संधीच मिळाली नाही, आणि मला तिच्यावर झालेला अन्याय तेवढाच वाटतो.

महोदय, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची जुनी आणि अत्यंत स्वस्त गोळी आहे. रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक मिलिग्रॅम, कमाल ६० मिलिग्रॅम, असे साधारण दहा ते चौदा दिवस देऊन मग ती हळूहळू कमी करतात. खेड्यांत ताप आणि अंगदुखीला स्टेरॉईडचे इंजेक्शन सर्रास टोचले जाते आणि जिथे त्याचा उपयोग होऊ शकतो तिथे ते आठवत नाही, याचे मला फार दुःख होते. अर्थात ही गोळी काउंटरवरून मागेल त्याला मिळू नये या मताचा मी आहे. तिने साखर वाढते, रक्तदाब वाढतो, म्हणून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि तपासणीनंतरच द्यावी.

विदर्भात त्या तपासणीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर घालावी लागेल. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि सिकलसेलच्या रुग्णांना अचानक बहिरेपणा आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. दुसरीकडे, पोटातून किंवा शिरेतून दिलेल्या स्टेरॉईडने याच रुग्णांना तीव्र वेदनांचा झटका येण्याचा धोका असतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आमच्या भागातील गोंड, कोलाम आणि इतर समाजांतील लोकांची तपासणी होत आहे. तिचा निकाल कान तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर असला, तर अशा रुग्णाला थेट पडद्यामागच्या इंजेक्शनचा विचार करता येईल. गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटातही हीच स्थिती आहे.

ओळख पटवण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाला तोंड मिटून ‘हूं’ असे गुणगुणायला सांगावे आणि आवाज कोणत्या कानात मोठा वाटतो ते विचारावे. मळाने किंवा सर्दीने बंद असलेल्या कानात गुणगुण मोठी वाटते, नस किंवा आतला कान बिघडला असेल तर ती चांगल्या कानाकडे जाते. निरोगी माणसाने एका कानात बोट घालून गुणगुणले तरी यातला अर्धा भाग लगेच पटतो. ट्यूनिंग फोर्कने (ठोकल्यावर एकच स्वर देणाऱ्या धातूच्या चिमट्याने) हीच परीक्षा अधिक नीट होते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (गावपातळीवरील सरकारी आरोग्य केंद्रांच्या) सेवांत कान-नाक-घशाच्या तक्रारींचा समावेश आहेच. तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना हे शिकवायला एक दुपार पुरेल. भोवळीसोबत बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा झटका असू शकतो आणि तेथे थेट १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, हेही त्याच दुपारी सांगता येईल.

खरी अडचण श्रवणतपासणीची आहे. पाटणबोरी किंवा मुकुटबनकडच्या माणसाने पूर्ण दिवस मोडून जिल्ह्याचे ठिकाण गाठावे आणि तेथे त्याला दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेतली पुढची तारीख मिळावी, हे थांबले पाहिजे. ज्याचा कान याच आठवड्यात गेला आहे त्याची तपासणी त्याच दिवशी व्हावी, असा लेखी नियम करावा. उपजिल्हा रुग्णालयांत ऑडिओमीटर (ऐकणे मोजणारे यंत्र) आणि तो चालवणारा माणूस मिळेपर्यंत ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला त्याच दिवशी मिळावा आणि योग्य रुग्णाला तेथूनच गोळी सुरू करता यावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आपल्या खात्याकडे नाहीत याची मला कल्पना आहे. पण पडद्यामागचे इंजेक्शन आणि नसेवरची गाठ नाही ना हे पाहणारा एमआरआय तेथेच होणार असल्याने, संदर्भ चिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णाला थेट कान विभागात घेण्याबाबत दोन्ही खात्यांनी मिळून परिपत्रक काढावे.

ज्यांचे ऐकणे परत येणार नाही, त्यांना श्रवणयंत्र मिळवून देणे आणि त्यांची पुन्हा तपासणी करणे हेही या कामातच मोडते. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. पुढच्या ३ मार्चपूर्वी हे परिपत्रक आमच्या उपकेंद्रांवर पोहोचावे, अशी आग्रहाची विनंती आहे. औषध दुकानात लावता येईल असा मराठी आणि गोंडी मजकुराचा फलक आपल्या खात्याने पाठवल्यास मी तो ड्रॉपच्या कपाटाशेजारी लावीन, आणि तालुक्यातील इतर दुकानदारांनाही लावायला सांगेन.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ